दूर गेलेली चूल

गेल्या माघात थोरल्या बहिणीकडे चार दिवस राहण्याचा योग आला. विदर्भातील एका औष्णिक वीजकेंद्रापासून चार-पाच मैलांच्या अंतरावर तिचे घर आहे, आणि सकाळचे धुके विरळ झाले म्हणजे त्या केंद्राच्या धुराड्यांची टोके तिच्या परसातून स्पष्ट दिसतात. स्नान आटोपून ती पाण्याचा तांब्या घेऊन तुळशीपाशी आली. परंतु पाणी घालण्यापूर्वी तिने, मी तोवर कोणालाही करताना पाहिली नव्हती अशी एक गोष्ट केली. कमरेला खोचलेले एक जुने फडके ओले करून तिने तुळशीचे एकेक पान, तापाने निजलेल्या मुलाचे कपाळ पुसावे तितक्या हलक्या हाताने, दोन्ही बाजूंनी पुसून काढले. आणि मग ते फडके पिळले, तेव्हा वृंदावनाच्या कट्ट्यावरून करडे, काळसर पाणी ओघळत खाली गेले.

"हे रोज करतेस?" मी विचारले.

"थंडीत रोज. पावसाळ्यात नाही लागत."

आजूबाजूला अजून चुली पेटत असतील, असे मी सहज म्हणालो. ती थांबली, आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "चुलीची नाही रे ही राख. या गल्लीत गॅस येऊन वीस वर्षं झाली."

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. ती एक वस्तुस्थिती सांगत होती, आणि सांगून झाल्यावर तिने तुळशीला पाणी घातले. परंतु पुण्यास परतताना आगगाडीच्या त्या लांबच लांब प्रवासात ते करडे पाणी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. ही राख जर तिच्या चुलीची नव्हे, तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चुलीची नव्हे, तर मग ती कोणाच्या चुलीची, हा प्रश्न मी स्वतःस विचारू लागलो. आणि त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागले नाही, कारण मी ज्या डब्यात बसलो होतो त्यातील दिवे आणि पंखे, आणि ज्या घराकडे मी चाललो होतो त्या घरातील दिवे आणि पंखे, हे सर्व मिळून ते उत्तर देत होते.

आपल्या स्मृतिकारांनी गृहस्थाच्या घरात पाच वधस्थाने सांगितली आहेत. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही ती पाच स्थाने असून त्यांना 'पंचसूना' अशी संज्ञा आहे. गृहस्थ कितीही सदाचारी असला, त्याच्या मनात कोणाविषयीही वैर नसले, तरी सरपणाबरोबर कीटक जळतात, जात्याखाली किडे चिरडले जातात, केरसुणीखाली मुंग्या मरतात, आणि ही हिंसा टाळून संसार करणे कोणासही शक्य नाही. म्हणून या नित्य घडणाऱ्या दोषाच्या निष्कृतीसाठी नित्य करावयाचे पाच महायज्ञ सांगितले गेले, आणि त्यांत देव, ऋषी, पितर, मनुष्ये यांच्याबरोबर 'भूते', म्हणजे यच्चयावत् प्राणिमात्र, यांचाही वाटा काढून ठेवण्यास सांगितले. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात हा विचार आलेला आहे. त्या ग्रंथाने माणसामाणसांत जो उच्चनीचभाव कायम केला, त्याच्या निषेधार्थ १९२७ साली महाडला त्याचे जाहीर दहन झाले, ते न्याय्यच होते, आणि त्या निर्णयाविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु स्वतःच्या चुलीकडे बोट दाखवून 'येथे हिंसा होते' अशी कबुली देणारा हा एक विचार मात्र, तो ज्या दप्तरात सापडला त्या दप्तरासह फेकून द्यावा असा नाही.

या विचाराचे मोल त्यातील प्रायश्चित्तापेक्षाही त्यातील कबुलीत आहे, असे मला वाटते. जगातील बहुतेक नीतिशास्त्रे माणसाला 'तू काय हेतुपुरस्सर केलेस' हे विचारतात. चोरी केलीस काय, खोटे बोललास काय, कोणास मारलेस काय, अशी ती उलटतपासणी असते, आणि सामान्य गृहस्थ तीतून बहुधा निर्दोष सुटतो. पंचसूनेचा विचार त्याला निराळेच काही विचारतो: तू निजला होतास, जेवत होतास, मुलांस खेळवीत होतास, तेव्हा तुझ्या सुखासाठी कोणाचा जीव खर्ची पडला, हे तुला ठाऊक आहे काय?

आता या पाच स्थानांपैकी पहिले जे स्थान, म्हणजे चूल, तिचे गेल्या शंभर वर्षांत काय झाले ते पाहू. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात चूल होती आणि चुलीला लागून वैल होता. भात होत आला की ती जळते लाकूड मागे ओढून घेई; उरलेल्या निखाऱ्यांवर आमटीला उकळी येई; वैलावर दूध मंदपणे तापत राही; आणि सगळे आटोपल्यावर उरलेला एखादा निखारा ती राखेखाली झाकून ठेवी, म्हणजे सायंकाळी पुन्हा विस्तव करण्यास काडी लागू नये. विस्तवाच्या बाबतीतली ही सावधगिरी तिला कोणी व्याख्यान देऊन शिकविली नव्हती. धूर तिच्याच डोळ्यांत जात होता, लाकडाची मोळी तिच्याच डोक्यावरून येत होती, आणि त्यामुळे अग्नीचा प्रत्येक क्षण तिच्या हिशेबात होता. ती व्यवस्था सुखाची होती असे कोणी समजू नये. त्या धुराने तिची छाती पोखरली, आणि म्हातारपणी ती ज्या खोकल्याने रात्ररात्र बसून काढी त्याचा आवाज मी अजून विसरलेलो नाही. परंतु त्या व्यवस्थेत भोग आणि भोगाची किंमत एकाच छपराखाली नांदत होती, एवढे मात्र खरे.

विजेने ही दोन्ही विभक्त केली. आपल्या घरातून चूल गेली ती नाहीशी झाली नाही. ती चंद्रपूरला गेली, कोराडीला आणि खापरखेड्याला गेली, भुसावळला, पारसला, परळीला आणि नाशिकजवळच्या एकलहऱ्याला गेली. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे, यावरून या नव्या चुलीच्या आकाराची कल्पना यावी. आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाण मोठे, शेकडा तीस ते पंचेचाळीस. आणि जळत्या कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम तिसरा हिस्सा विजेच्या रूपाने तारेवर चढतो, बाकीचे दोन हिस्से शीतकमनोऱ्यांतून आणि धुराड्यांतून आकाशात जातात. एक युनिट वीज निर्माण करावयास सहा-सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. राखेचा बहुतेक भाग धुराड्याच्या तोंडाशी बसविलेली यंत्रे अडवितात, हे खरे; परंतु जो अंश निसटतो तो सर्वांत सूक्ष्म असतो, आणि जे वायू निसटतात त्यांना ती यंत्रे अडवू शकतच नाहीत. त्यांतील गंधकाचा वायू वातावरणात पुन्हा सूक्ष्म कणांचे रूप घेतो, वाऱ्याबरोबर शेकडो मैल जातो, आणि माणसाच्या केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या हिश्श्याएवढे हे कण नाकातील केसांना आणि घशातील ओलाव्याला चुकवून थेट फुप्फुसाच्या तळाशी, आणि तेथून रक्तात उतरतात. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही, म्हणून हे सारे खालीच कोंडून राहते. माझ्या बहिणीचे 'थंडीत रोज' हे दोन शब्द त्या शास्त्रीय सत्याशी अक्षरशः जुळणारे होते.

येथे कोणी म्हणेल, की माझ्या घरी येणारी वीज कोयनेच्या पाण्याची आहे, ती कोळशाची नव्हे. परंतु विजेचे जाळे हे अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीसारखे असते. कोयनेचे पाणी, चंद्रपूरचा कोळसा, मराठवाड्यातील वारा आणि धुळ्याकडचे ऊन हे सगळे तीत समाईक जमा होते, आणि त्यातून ज्याने जेवढे उचलले तेवढे सर्वांच्याच खात्यांतून उचलले. शिवाय सूर्य मावळला की उन्हाची वीज बंद पडते, आणि नेमक्या त्याच वेळी घरोघर दिवे लागतात. तेव्हा दिवेलागणीनंतरच्या युनिटावर कोळशाचा भार दुपारच्या युनिटापेक्षा अधिक असतो. ज्या घटकेला आपल्याकडे देवापुढे निरांजन लावून हात जोडण्याचा शिरस्ता आहे, त्याच घटकेला ही दूरची चूल सर्वांत जास्त ढणढणत असते, ही गोष्ट मला ठाऊक झाल्यापासून सायंकाळची माझी प्रार्थना पूर्वीसारखी निर्वेध राहिलेली नाही.

तर मग खरा प्रश्न असा की, हे पाप आहे काय? मी ज्या माणसाला ओळखत नाही, ज्याचे गाव मी पाहिलेले नाही, त्याच्या छातीत माझ्या दिव्याचा एक अंशांश उतरला, आणि तो उतरावा अशी माझी यत्किंचितही इच्छा नव्हती, तर त्याची जबाबदारी माझ्यावर कशी येते? हेतू नसेल तर दोष नाही, हा युक्तिवाद वकिली दृष्ट्या बळकट आहे. परंतु आपल्या परंपरेत या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार ज्यांनी केला त्या जैन आचार्यांना तो मान्य झालेला नाही. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या केली, तिच्या मुळाशी द्वेष ठेवला नाही, क्रोध ठेवला नाही, प्रमाद ठेवला. ज्याचे मन सावध नाही, त्याच्या हातून जो प्राणघात होतो ती हिंसा. उलट जो डोळ्यांत तेल घालून, जपून पाऊल टाकीत चालला आहे, त्याच्या पायाखाली अनवधानाने नव्हे तर निरुपायाने एखादा जीव सापडला, तर त्याला तो दोष तसा लागत नाही. या व्याख्येने प्रश्नाचा सारा मोहराच बदलतो. अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या डोक्यावर जळणारा दिवा आणि रिकाम्या खोलीत जळणारा दिवा हे दोन्ही तितकाच कोळसा खातात, तितकीच राख सोडतात. परंतु पहिला संसाराची अपरिहार्यता आहे आणि दुसरा प्रमाद आहे. पहिल्याची निष्कृती करावी. दुसरा करूच नये. रिकाम्या खोलीत फिरणाऱ्या पंख्याकडे मी हल्ली या दृष्टीने पाहतो, आणि तो बंद करण्यासाठी उठतो तेव्हा आपण काटकसर करीत आहोत असे मला वाटत नाही.

ज्ञानदेवांनी तेराव्या अध्यायात अहिंसेचे जे दीर्घ विवेचन केले आहे, त्यातही भर आहे तो या सावधपणावरच. अहिंसक मनुष्य पाऊल कसे टाकतो, पाहतो कसा, बोलतो कसा, त्याचा हात कसा हलतो, हे त्यांनी इतक्या बारकाव्याने सांगितले आहे की वाचताना आपलीच चाल आपल्याला दांडगी वाटू लागते. आणि त्याच ठिकाणी त्यांनी, हिंसा करून अहिंसा साधू पाहणाऱ्यांचा समाचार घेताना, राहती घरे मोडून देवळे उभारण्याचा दृष्टान्त दिला आहे. तो दृष्टान्त मला अलीकडे एका स्नेह्याच्या दिवाणखान्यात फार तीव्रतेने आठवला. तेथे कोपऱ्यात हवा शुद्ध करणारे एक यंत्र रात्रंदिवस चालू होते, खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या, आणि माझा स्नेही, जो अत्यंत सज्जन आणि दानशूर मनुष्य आहे, मला समाधानाने सांगत होता की आता या खोलीतील हवा डोंगरावरच्यासारखी आहे. आजारी माणसाला, दम्याच्या मुलाला असे यंत्र लागते, आणि ते त्याला मिळालेच पाहिजे. परंतु निरोगी माणसाच्या बंद खोलीतील हवा निर्मळ करण्यासाठी बाहेरच्या सर्वांच्या हवेत आणखी थोडी राख मिसळावयाची, या व्यवहारात घर कोणाचे मोडते आणि देऊळ कोणासाठी उभे राहते, याचा विचार त्याने केलेला नव्हता. आणि त्या दिवसापूर्वी मीही केलेला नव्हता.

'मी विजेचे बिल भरतो, थकबाकी ठेवीत नाही. मग मी कोणाचे देणे लागतो?' हा दुसरा आक्षेप. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजी दर आठवड्यास आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्र लिहीत असत. त्यांत अस्तेयाचा विचार करताना त्यांनी चोरीची हद्द एवढी विस्तारली की, जी वस्तू आपल्याला खरोखर गरजेची नाही ती घेणे, मग ती मालकाच्या संमतीने घेतलेली का असेना, हीही चोरीच ठरविली. आरंभी हे मला अतिरेकी वाटे. परंतु विजेच्या बाबतीत विचार करू लागलो, तेव्हा त्यातील तथ्य जमाखर्चाच्या रोखठोक भाषेतही सिद्ध होते असे दिसले. मी जे पैसे भरतो ते कोळशाचे, यंत्राचे, तारेचे आणि माणसांच्या पगाराचे. तुळस पुसण्याची सकाळची दहा मिनिटे त्या बिलात नाहीत. तेथील कोणाच्या खोकल्याचे औषध त्यात नाही. हवा कोणाच्याही मालकीची नसल्यामुळे तिचे भाडे मागणारा कोणी नाही, आणि मागणारा कोणी नाही म्हणून देणे नाही असे समजणे, हे सज्जन माणसाला शोभणारे नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही, देवांनी दिलेले त्यांचा वाटा त्यांस न देता एकट्यानेच भोगणाऱ्याला चोराची पदवी दिलेली आहे.

येथवर विचार आला, तेव्हा स्वतःचा हिशेब तपासल्यावाचून पुढे बोलण्याचा अधिकार नाही असे मला वाटले. एका रात्री, घरातील सर्व मंडळी निजल्यावर, मी सर्व दिवे आणि पंखे बंद केले, फ्रिजची घरघर थांबण्याची वाट पाहिली, आणि जिन्याखालच्या विजेच्या मीटरपुढे एक पाट टाकून घड्याळ घेऊन बसलो. मीटरच्या दर्शनी भागावर एक तांबडा ठिपका असतो. आमच्या मीटरवर त्या ठिपक्याशेजारी ३२०० हा आकडा छापलेला आहे, म्हणजे तो ठिपका ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज खर्च झाली. माझी कल्पना अशी होती की सर्व काही बंद असल्यामुळे तो ठिपका आता लुकलुकणारच नाही. परंतु अंधारात, त्या शांततेत, तो लुकलुकला. आणि मग पुन्हा. आणि मोजून पाहता दर अर्ध्या मिनिटाला एकदा तो लुकलुकत होता. माझ्या घरात कोणीही जागे नव्हते, आणि तरी घर वीज पीत होते.

दुसऱ्या दिवशी त्याचा तपशील लावला. दूरचित्रवाणीचा संच आणि त्याच्याशेजारचा डबा, इंटरनेटची पेटी, फोन नसतानाही खोवून ठेवलेले दोन चार्जर, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा दिवा, असे ते सारे होते. अर्ध्या मिनिटास एकदा म्हणजे तासाला १२० वेळा, दिवसाला जवळजवळ एक युनिट, आणि वर्षाला सव्वातीनशे युनिटांहून अधिक. कोळशाच्या हिशेबात दोनशे किलोंच्या वर, आणि राखेच्या हिशेबात सत्तर किलोंच्या आसपास. माझे स्वतःचे वजन सत्तर किलोंहून कमी आहे. एवढी राख, कोणाच्याही उपयोगी न पडता, कोणालाही उजेड अथवा वारा न देता, केवळ आम्ही निजण्यापूर्वी भिंतीवरची चार बटणे दाबली नाहीत म्हणून दरसाल कोठेतरी जमा होत होती. प्रमाद या शब्दाचा अर्थ मला कोणत्याही भाष्यग्रंथापेक्षा त्या तांबड्या ठिपक्याने अधिक चांगला शिकविला.

एक खुलासा येथे करणे अवश्य आहे, नाहीतर हे सर्व विवेचन अन्यायाचे होईल. संयमाचा उपदेश ज्याच्यापाशी विपुलता आहे त्यालाच करावयाचा असतो. ज्या पाड्यावर आजही माऊली ओल्या लाकडांच्या धुरात भाकरी थापते, जेथे एका दिव्याखाली तीन मुले अभ्यास करतात, तेथे जाऊन 'वीज वाचवा' असे सांगणे हा निष्ठुरपणा आहे. त्या घरी गॅस अथवा वीज अधिक पोहोचली, तर घरातला विषारी धूर कमी होईल आणि त्या माऊलीचे आयुष्य वाढेल. अपरिग्रह हे व्रत आहे; दारिद्र्य हे व्रत नव्हे. आपण जे वाचवावयाचे ते तिच्या वाट्याला मोकळे करण्यासाठीही वाचवावयाचे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत मोहक. एवढाले कारखाने, एवढाल्या काचेच्या इमारती रात्रभर लखलखत असताना माझ्या एका पंख्याने काय होणार? याचे उत्तर मला तर्कशास्त्रात मिळाले नाही. ते श्रावणातल्या एका कहाणीत मिळाले, जी लहानपणी सोमवारी आजी आम्हांला हातात अक्षता देऊन ऐकवीत असे. महादेवाचा गाभारा दुधाने भरण्याची राजाला इच्छा झाली. त्याने हुकूम सोडला की गावातील सर्वांनी घरातले सर्व दूध देवळात आणून ओतावे. सर्वांनी ओतले, आणि गाभारा भरला नाही. दुपारी एक म्हातारी आली. तिने आधी घरातल्या लेकराबाळांना आणि वासरांना पोटभर पाजले होते, आणि उरलेले खुलभर दूध ती घेऊन आली होती. ते तिने भक्तीने वाहिले आणि गाभारा भरला. पुढे राजाने कारण विचारले तेव्हा तिने सांगितले की, तुझ्या हुकुमाने वासरे आणि मुले उपाशी तळमळली, म्हणून देवाला ते दूध पोहोचले नाही.

लहानपणी या कहाणीतील चमत्कार तेवढा लक्षात राही. आता असे वाटते की कहाणी रचणाऱ्या त्या अज्ञात बाईने दूध किती हा प्रश्नच बाजूस सारला होता, आणि ते कोणाच्या तोंडचे, हा प्रश्न पुढे केला होता. दुसऱ्याच्या तोंडचे काढून आणलेल्या घागरींनी जे झाले नाही, ते आधी सर्वांना त्यांचा वाटा देऊन उरलेल्या खुलभराने झाले. माझ्या एका पंख्याने आकाश स्वच्छ होणार नाही, हे मला पुरते ठाऊक आहे. परंतु माझ्या घरी लागणारा दिवा कोणा वासराच्या वाट्याचा तर नाही, हे पाहणे सर्वस्वी माझ्या हातात आहे, आणि ते पाहण्यासाठी इतरांनी काय केले याचा दाखला मिळण्याची वाट मला पाहावी लागत नाही. आणि खुलभर खुलभर म्हणतात तेही थेंबाथेंबाचे मिळून किती होते, याचा अनुभव या देशाने घेतलेला आहे: २०१५ पासून सरकारी योजनेतून एल.ई.डी.चे छत्तीस कोटींहून अधिक दिवे घरोघर गेले, आणि साठ वॅटच्या जुन्या दिव्याचे काम नऊ वॅटचा दिवा करू लागला.

घरात काय करावे याची यादी देण्याचा माझा मानस नाही. ती गोष्ट प्रत्येक गृहिणीला आणि हल्लीच्या प्रत्येक शाळकरी मुलाला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. एवढेच सांगतो की छताचा जुना पंखा पंचाहत्तर वॅट घेतो आणि नव्या बनावटीचा पंखा तीसच्या आसपास. आणि आपल्याकडे वर्षातून आठ-नऊ महिने पंखे फिरतात, त्यामुळे हा बदल सर्वांत आधी करण्याजोगा आहे. वातानुकूलन यंत्र २४ अंशांवर ठेवावे. एक अंश खाली आणला की शेकडा सहाच्या सुमारास वीज अधिक लागते. कपडे धुण्याचे यंत्र रात्री न लावता दुपारी, ऊन असताना लावावे. आमच्या घरी स्नानाच्या पाण्याचा गिझर पूर्वी पहिला माणूस उठल्यापासून शेवटचा माणूस न्हाईपर्यंत चालू असे. आता सर्वांनी पाठोपाठ स्नाने उरकावयाची असा शिरस्ता पाडला आहे, आणि सूनबाईंनी प्रथम थोडी कुरकुर करून मग तो माझ्याहून कडकपणे अमलात आणला.

गृहस्थाने असे वागावे म्हणून राज्यकर्त्यांची जबाबदारी कमी होते, असा अर्थ मात्र कोणीही काढू नये. धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या गंधकाच्या वायूवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा घातली, तो वायू शोषून घेणारी यंत्रे बसविण्यास दोन वर्षांची मुदत दिली, ती मुदत पुनःपुन्हा वाढविली, आणि २०२५ च्या जुलैमध्ये बहुसंख्य केंद्रांना त्यातून वगळून टाकले. माझ्या मते हा निर्णय चुकीचा आहे. ज्यांच्या अंगणात ती राख पडते त्यांची कैफियत ऐकून घेतल्यावाचून असा निर्णय होणे हे तर अधिकच चुकीचे आहे, आणि ज्यांच्या दिव्यांसाठी ती राख पडते त्या आपण शहरवासीयांनी त्याविरुद्ध आवाज उठविला पाहिजे. परंतु तो आवाज उठविताना आपल्या पाठीमागच्या रिकाम्या खोलीत पंखा फिरत असेल, तर आपल्या फिर्यादीला बळ यावयाचे नाही.

आषाढातल्या दिव्यांच्या अमावास्येला आमच्याकडे समया, निरांजने, कंदील हे सर्व घासूनपुसून पाटावर मांडतात आणि त्यांची पूजा होते. यंदा त्या संध्याकाळी पूजा झाल्यावर मी नातवाला जिन्याखाली मीटरपाशी घेऊन गेलो. घरातील दिवे आम्ही बंद केले होते, भिंतीवरची चार बटणेही दाबलेली होती. नातू घड्याळ धरून बसला. पाच मिनिटांत तो तांबडा ठिपका एकदाच लुकलुकला. नातवाला तेही पुरेसे वाटले नाही. तो एक कशाचा, ते शोधण्यासाठी तो विजेरी घेऊन घरभर हिंडला, आणि दाराच्या घंटीपाशी येऊन थांबला.

वाचकांना माझी एवढीच विनंती आहे की त्यांनी एकदा, आजच रात्री जमले तर आजच, निजण्यापूर्वी आपापल्या मीटरसमोर पाच मिनिटे बसावे आणि तो ठिपका किती वेळा लुकलुकतो ते मोजावे.